दाते झिजले, मोटर शाबूत!



यंत्र बंद पडले की आपण पटकन म्हणतो, "मोटर गेली!" ती खरेच गेली का, हे न पाहताच नवी आणली जाते आणि कष्टाचा पैसा वाया जातो. हे पटावे म्हणून आज आम्ही एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते आहे अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे.

स्पोर्ट्स कारचे नाक वारा कापण्यासाठी खाली उतरते केलेले असते. पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हेडलाइट जमिनीपासून किमान २२ इंच उंच हवा. मग दिवा बसवायचा कुठे? त्यावर तोड निघाली ती अशी : दिवसा दिवे आत मिटलेले ठेवायचे, रात्री वर उघडायचे. १९३६ सालच्या कॉर्ड ८१० या गाडीत चालक आतून दांडा फिरवून ते हाताने उघडत असे. कॉर्व्हेटमध्ये १९६३ साली हे काम मोटर करू लागली. १९९७ ते २००४ या काळातल्या कॉर्व्हेट ही असे दिवे असलेल्या शेवटच्या गाड्यांपैकी होत. आज त्या जुन्या झाल्या आहेत आणि त्यांचे एक दुखणे ठरलेले आहे. बटण दाबले की एक डोळा उघडतो, दुसरा मिटलेलाच राहतो!

अशा वेळी चांगला कारागीर आधी कान देतो. आवाज मुळीच नाही, तर वीज पोहोचत नसावी. फ्यूज, रिले, कनेक्टर आणि अर्थची वायर तपासावी. पण मोटर घरघरते आणि दिवा मात्र हलत नाही, तर वीजही आहे आणि मोटरही जिवंत आहे. मग जोर हरवला कुठे?

घरचा मिक्सर आठवा. मोटर फिरते, पण भांड्यातली पाती फिरत नाही. खालचा कपलर झिजलेला असतो. इथेही तसेच आहे. मोटरच्या दंडावरचे स्क्रूसारखे आटे एका प्लॅस्टिकच्या गिअरला फिरवतात आणि तो गिअर दिव्याला उचलतो. दिवा टोकाला जाऊन अडला की शेवटचा दाब दर वेळी त्याच दोन-चार दात्यांवर येतो. वर्षानुवर्षे हे झाले की ते दाते छाटले जातात. बाकीचे दाते धडधाकट असतात, कारण गिअर पूर्ण फेरा घेतच नाही.

दुरुस्ती अशी. प्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी. दिवा अचानक मिटला तर बोटे सापडतात, म्हणून ही पायरी कधीही चुकवू नये. मोटर काढण्यापूर्वी दांड्याची जागा खूण करून ठेवावी. झाकण उघडून जुने ग्रीस व प्लॅस्टिकचा भुगा पुसून घ्यावा. एक कणही मागे राहू नये. मग नवा गिअर बसवावा. या गाडीसाठी पितळेचा गिअरही मिळतो, तो अधिक टिकतो. काही कारागीर जुनाच गिअर अर्धा फेरा फिरवून बसवतात, म्हणजे न झिजलेले दाते कामी येतात. पण तो तात्पुरता इलाज. शेवटी प्लॅस्टिकला चालणारे ग्रीस लावून झाकण बंद करावे.

आणि रात्री वाटेतच दिवा अडला तर? मोटरवर एक गोल मूठ आहे. दिव्यांचे बटण बंद करून ती हाताने फिरवली की दिवा वर येतो. एका डोळ्याने गाडी हाकू नये. समोरच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो चुकीचा अंदाज बांधतो. त्यात जीव जातो.

ही गाडी आपल्या वस्तीत येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आपली मुले आयटीआयमध्ये शिकतात, गॅरेजमध्ये राबतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : "बदलून टाका" असे कोणीही म्हणेल. यंत्र उघडून, नेमका झिजलेला भाग दाखवून, "एवढेच बदला" असे जो सांगतो, तोच खरा कारागीर. गिऱ्हाईक त्याच्याकडेच पुन्हा येते.