‘बाजार पडला की घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठी काही मुद्दे

शेअर बाजारात नव्याने उतरणाऱ्याने योग्य वेळ साधायच्या फंदात पडावं का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. बाजार महाग आहे की स्वस्त, हे एखाद्या वेळी कळतंही. पण कळलेलं अमलात आणणं नवख्याच्या हातून होत नाही.

१. वेळ साधायची तर दोनदा बरोबर यावं लागतं, विकताना आणि परत घेताना. बहुतेक जण दुसऱ्या वेळी फसतात. २००९ च्या लोकसभेचे निकाल शनिवारी, १६ मे रोजी लागले. सोमवारी बाजार उघडताच वरच्या सर्किटला जाऊन थांबला. सेन्सेक्स २,११० अंशांनी, म्हणजे सतरा टक्क्यांहून अधिक वाढला आणि व्यवहार जेमतेम मिनिटभर झाले. ‘चित्र स्पष्ट होऊ दे, मग घेऊ’ म्हणणाऱ्यांना चित्र दिसलं, शेअर मिळाले नाहीत.

२. उलट बाजूही पाहा. ४ जून २०२४ रोजी मतमोजणी सुरू असताना सेन्सेक्स ४,३९० अंशांनी कोसळला. ७ जूनला तो ७६,६९३ या तेव्हाच्या विक्रमी पातळीवर बंद झाला. त्या मंगळवारी घाबरून विकलेल्याला पश्चात्तापासाठी शुक्रवारपर्यंतच थांबावं लागलं.

३. ‘पडल्यावर घेऊ’ हा बेत तेजीत ठरतो आणि मंदीत मोडतो. कारण बाजार एकटा पडत नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी घसरून २५,९८१ वर आला. जानेवारीत तो ४२ हजारांना शिवून आला होता. म्हणजे स्वस्ताई होतीच. पण सोबत टाळेबंदी होती, पगारकपात होती, घरात आजारपणाची धास्ती होती. एसआयपीतून मार्चमध्ये सुमारे ८,६०० कोटी रुपये आले होते. पुढे ते घटत जाऊन जूनमध्ये आठ हजार कोटींच्या खाली गेले. नोव्हेंबरात बाजार जुन्या उच्चांकापाशी पोहोचलासुद्धा! यात लोकांच्या बुद्धीचा दोष नव्हता. हातात पैसा आणि मनाला स्वस्थता, दोन्ही नेमके त्याच महिन्यांत नसतात.

४. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकले तर साडेबारा, तोही सव्वा लाखापुढच्या नफ्यावर. आत-बाहेर करणाऱ्याच्या खिशाला ही चाट आधीच लागलेली असते.

५. सेबीच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये शेअरची इंट्राडे खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण आणखी जास्त, ७६ टक्के. शेअर बाजार शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातीत नेमकी हीच पोरं दिसतात.

६. आक्षेप येईल: जपानचं काय? जपानच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर १९८९ चा उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. आक्षेप खरा आहे, तो झटकू नये. पण त्यातून मिळणारा धडा वेगळा आहे. सगळी पुंजी एकाच वेळी, एकाच ठिकाणी ओतू नका. दोन-तीन वर्षांत लागणारे फीचे किंवा घराचे पैसे मुदत ठेवीतच ठेवा. बाजाराची वेळ कुणालाच माहीत नसते. आपल्या गरजेची वेळ मात्र बऱ्यापैकी माहीत असते, तेवढी पाळली तरी पुष्कळ. उरलेल्यातून दरमहा झेपेल ती रक्कम निर्देशांक फंडात जाऊ द्या.

७. राहता राहिले ‘एंट्री-एक्झिट’ शिकवणारे. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने बजावलं, की शिक्षणाच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरता येणार नाहीत. नियम चांगला आहे, पण गल्लोगल्लीच्या क्लासवर आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर नजर ठेवणार कोण? ते आपल्यालाच करावं लागेल. फी भरण्याआधी मास्तरांकडे त्यांच्या स्वतःच्या खात्याचा पाच वर्षांचा नफा-तोट्याचा हिशेब मागा. स्क्रीनशॉट नको, ब्रोकरने दिलेलं पूर्ण विवरण. ते मिळालं नाही, तर फीचे पैसे घरी घेऊन या.