नारू गेला, जंत राहिले

जंतनाशक दिन आला की पारोळा तालुक्यातील शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांस ओळीने बसवून अल्बेंडाझोलची गोळी चावून खावयास देतात, आणि किती मुलांस गोळ्या दिल्या त्याचा आकडा यथावकाश जळगावास पोचतो. २०१५ साली देशात सुरू झालेल्या या उपक्रमास आमचा विरोध नाही. गोळी स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि शिक्षक व अंगणवाडी सेविका हे काम निष्ठेने करतात याची आम्हांस जाणीव आहे. परंतु वाटलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेस असे विचारले की, बाबांनो, किती पोटांत जंत होते, ते कोणत्या जातीचे होते, आणि गोळीनंतर किती उरले, तर तालुक्यापुरते उत्तर कोण देणार? राज्याच्या सरासरीत पारोळ्याचे पोट दिसत नाही.

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस नारू म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरावयास उतरलेल्या रोग्याचा पाय बुडे. पायावरच्या फोडातून नारूची मादी आपली पिलावळ पाण्यात सोडी. पाण्यातील सूक्ष्म जीव ती गिळीत. आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने तो पांढरा दोरा बाहेर डोकावे. औषध नव्हते, आजही नाही. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत तो ओढावयाचा, आणि मध्येच तुटला तर सुजलेला पाय घेऊन अंथरूण धरावयाचे, हाच काय तो उपचार. असे असूनही १९८३-८४ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने महाराष्ट्रासह सात राज्यांतून नारू हुसकावून लावला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. ज्या रोगास औषधच नाही तो गेला कसा? हातच्या कांकणास आरसा लागत नाही. नारूचे निदान घरची म्हातारीही करी. रुग्ण दिसे म्हणून विहीर सापडे, आणि विहीर सापडे म्हणून पायऱ्या बुजविता येत, पाणी गाळावयास फडके देता येई.

हिवतापाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण तेथे रोगाचे कारण उघड्या डोळ्यांस दिसत नव्हते; ते काचेवर पाहावे लागे. १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाल्यावर कर्मचारी ठराविक दिवसांनी घरोघर जाई, ज्यास ताप आलेला असेल त्याच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर घेई, भिंतीवर तारीख टाकी व पुढील घर गाठी. १९६५ च्या सुमारास देशातील नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. पुढे डास फवारणीस दाद देईनासे झाले हे खरे; पण त्याबरोबर ही घरोघरची पाहणीही ढिली पडली, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

पोटातील कृमींच्या बाबतीत सारे उलटेच घडले आहे. येथे औषध आहे, ते मुबलक आहे. पाहणारा मात्र नाही. कापसाच्या शेतात पावसाळ्यात अनवाणी निंदणी करणाऱ्या बाईचेच घ्या. अंकुशकृमीची अळी ओलसर, सावलीच्या मातीत वाढते व पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. आतड्यास चिकटून ती दिवसेंदिवस थेंबाथेंबाने रक्त पिते. बाईचा चेहरा पांढरा पडतो, चढ चढताना दम लागतो, आणि घरचे म्हणतात, अंगात ताकद राहिली नाही. गोळी शाळेत व अंगणवाडीत मिळते, एकोणीस वर्षांपर्यंतच्यांस मिळते. चाळिशीच्या मजुरणीस त्या दोन्ही दारांत जाण्याचे कारण काय? तिचेच पोर गोळी खाऊन घरी येते आणि पुन्हा त्याच परसात, त्याच मातीत खेळते.

मात्र येथे आम्हांस एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. अंकुशकृमीस भुसभुशीत, रेताड व दमट जमीन मानवते. आपली काळी चिकण जमीन आणि पारोळ्याचे पाठ न सोडणारे अवर्षण यांत तो फारसा फोफावत नसेल, हेही सर्वस्वी शक्य आहे. तसे असेल तर त्या बाईचा पांढरा चेहरा भाकरीबरोबर भाजी न मिळाल्याचा असेल. सातपुड्याकडून मजुरीस आलेल्या कुटुंबातील असेल तर सिकलसेलचा असेल. आणखी कशाचा असेल. या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. तपासल्यावाचून लोहाच्या आणि जंतांच्या गोळ्या देत राहणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शिवाय सगळे जंत एका गोळीस सारखे वश होत नाहीत. मोठे जंत बहुधा पडतात, चाबूककृमी पुष्कळदा टिकून राहतात, आणि अमीबा हा तर जंतच नव्हे. आव पडत असताना जंताची गोळी घेऊन स्वस्थ बसणारा रोगी आणि ती देणारा दुकानदार या दोघांचीही आम्हांस कीव येते.

तपासणी म्हणजे काही मुंबईची प्रयोगशाळा नव्हे. मोहरीएवढा मलाचा नमुना, एक काचपट्टी, ग्लिसरीन आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर अंडी मोजता येतात. पण त्यात एक मेख आहे. अशा पट्टीवरील अंकुशकृमीची अंडी तासाभरात पाहिली नाहीत तर ग्लिसरीनने विरून दिसेनाशी होतात. आणि नमुना उन्हात रेंगाळला तर ती उबून अळ्या बाहेर पडतात. नमुने पिशवीत घालून एस. टी. ने जळगावास धाडावयाचे आणि आठवड्याने ‘काही आढळले नाही’ असा कागद आणावयाचा, ही तपासणी नव्हे. काच आणि ती वाचणारा माणूस तालुक्यातच पाहिजे. लोक नमुना द्यावयास लाजतात अशी सबब आमच्या कानांवर येते. बोट टोचून घेण्यासही लोक एके काळी भीत असत. कर्मचारी पुन्हा पुन्हा दारात आला तेव्हा ती भीती गेली.

म्हणून जिल्हा परिषदेस आमची सूचना आहे की, पुढील जंतनाशक दिनापूर्वी पारोळा तालुक्यातील पाच शाळा निवडाव्या. बोरी नदीकाठच्या काही, कोरडवाहू माळावरच्या काही. प्रत्येक शाळेतील पन्नास मुलांचे आणि त्याच गावांतील शेतमजूर स्त्रियांचे नमुने जागच्या जागी तपासावे, स्त्रियांचे रक्तही त्याच वेळी पाहावे. गोळी दिल्यानंतर तीन आठवड्यांनी तीच मुले व त्याच स्त्रिया पुन्हा तपासाव्या. आढळलेली संख्या, ती शून्य असली तरी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावी. निंदणीचे दिवस जुलैत भरात येतात. स्त्रिया शेतांत गेल्या म्हणजे घरी सापडावयाच्या नाहीत, तेव्हा त्यांचे नमुने जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागतील.