शेवटचे शंभर किलोमीटर आधी

बारवी धरणाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना जंगल लांब वाटत नाही. बदलापूर सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात साग सुरू होतो, आणि धरणामागच्या डोंगरांत बिबट्या आहे हे इथल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे असेल कदाचित, उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘मेळघाटला जायचं म्हणतोय, शनिवार-रविवारात होईल ना?’

होणार नाही. मुंबईपासून बडनेरा साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे, आणि बडनेऱ्याला तुम्ही जंगलात नसता, जंगलापासून आणखी अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असता. तिथून अमरावती, मग परतवाडा, मग घटांगचा घाट चढून सेमाडोह, त्यापुढे सिपना नदीकाठचं कोलकास. नकाशावर हे शेवटचे शंभर-सव्वाशे किलोमीटर बोटभर दिसतात. सगळी सहल बिघडते ती तिथे. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते: आखणी उलट्या टोकाकडून करा. पहिल्यांदा जंगलातला मुक्काम ठरवा. मग परतवाड्याहून वर जायला गाडी कोणती आणि ती किती वाजता निघणार, ते ठरवा. त्यानंतर अमरावतीला पोचायची वेळ. कल्याणहून कोणती रेल्वे पकडायची, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात. रेल्वेचं तिकीट मिळालं की सहल ठरली असं त्यांना वाटतं, आणि दुपारी दोन-तीन वाजता परतवाड्याच्या एसटी स्थानकावर उभं राहून पुढचं काय ते विचारायला लागतात. घाट अंधाराच्या आत चढून झाला पाहिजे, हा नियम मी कुणासाठीही शिथिल करत नाही. वळणं अवघड आहेत हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे संध्याकाळनंतर तो रस्ता अस्वलांचा, सांबरांचा आणि रानगव्यांचा असतो. आपल्या उशिराची किंमत त्यांनी का मोजावी?

वेळा नीट जुळवल्या तर रेल्वेचा भाग सोपा आहे. कल्याणला लोहमार्ग दुभागतो. आपण कर्जतच्या फाट्यावर राहणारे आणि विदर्भाच्या गाड्या कसाऱ्याच्या फाट्याने जाणाऱ्या, म्हणून आधी लोकलने कल्याण गाठावं लागतं. संध्याकाळी गर्दी मुंबईहून घराकडे येणारी असते, त्यामुळे बदलापूर-अंबरनाथहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सामान घेऊन चढता येतं. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस सकाळी थेट अमरावतीला उतरवते, अख्खा दिवस हाताशी राहतो. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 पर्यंत ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, आणि जुन्या सवयीची माणसं अजून चार महिन्यांच्या हिशोबाने बोलतात. तत्काळवर भिस्त ठेवून मेळघाटला निघू नये. एक गाडी हुकली तर मुक्कामाच्या रात्रीचं आरक्षण वाया जातं, आणि जंगलातल्या मोजक्या खोल्यांमध्ये दुसरी रात्र मिळेलच असं नसतं.

पावसाळ्यात एक दिवस जास्तीचा धरावा. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे, तिच्यातल्या हजारावर प्रवाशांना चामटोलीच्या बाजूने बाहेर काढलं ते या पट्ट्यातल्या लोकांच्या साक्षीने. उल्हास नदी वेळापत्रक मानत नाही. शिवाय पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी बंद असते. धुकं आणि धबधबे बघायला चिखलदऱ्याला जावं, तो वेगळा आनंद आहे, पण त्याला मेळघाट पाहिलं म्हणू नये.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, आणि तेव्हापासून गाडी काढून निघणाऱ्यांची संख्या वाढली आहे. महामार्ग चांगला आहे, कारंजा लाडच्या बाजूला उतरून अमरावती गाठता येते. माझी काळजी वेगळी आहे. सोपं अंतर आणखी सोपं झालं आणि अवघड अंतर होतं तेवढंच राहिलं. पहाटे अंबरनाथहून निघालेला माणूस सहाशे किलोमीटर एकट्याने गाडी हाकून, थकलेल्या डोळ्यांनी, संध्याकाळी घटांगच्या वळणांवर पोचतो. गाडीने जायचंच असेल तर पहिली रात्र अमरावतीत किंवा परतवाड्यात काढा. डिझेल-पेट्रोल, रोख पैसे, औषधं हे सगळं परतवाड्यातच घ्या. वर मोबाइलवर विसंबू नका.

आता मूळ प्रश्न: एवढं करून जायचं कशासाठी? वाघ बघायला असेल तर ताडोब्याला जा, हे मी स्पष्ट सांगते. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1974 पासूनचा. वाघ तिथे आहेत. पण सातपुड्याच्या त्या दऱ्याखोऱ्यांत ते दिसणं दुर्मीळ. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या तापीला भेटायला जिथून निघतात, ते पाणलोट बघायला जायचं. मोहाची फुलं वेचणारी कुटुंबं भल्या पहाटे कशी निघतात ते बघायला जायचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग सामान्य माणसांनाही मचाणावर बसू देतो, त्याचं आरक्षण थोड्या जागांसाठी असतं आणि पटकन संपतं. रात्रभर पाणवठ्याकडे बघत बसण्याची तयारी असेल तर आपली सगळी आखणी त्या एका रात्रीभोवती करावी.

होळीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी मात्र तिथल्या लोकांचं गणित आधी समजून घ्यावं. तिथल्या कोरकू आदिवासींचा तो सर्वांत मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसं त्या आठवड्यात गावी परततात, एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि रस्त्यात थांबवून फगवा मागतात. सुटे पैसे जवळ ठेवावे आणि हसून द्यावे. आपण त्यांच्या सणात शिरलेलो असतो.

दुर्गम हा शब्द आपण फार सहज वापरतो. डॉ. रवींद्र कोल्हे ऐंशीच्या दशकात आदिवासींवर उपचार करायला मेळघाटातल्या बैरागडला गेले तेव्हा हरिसालपासून चाळीस किलोमीटर पायी जावं लागायचं. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. आपण जिथे तीन दिवस हौसेने जातो तिथे आजारी मूल पाठीवर घेऊन बाया दवाखान्यापर्यंत चालत आल्या आहेत. अंतराची चर्चा करताना मला हे आठवतं, आणि एसटी तासभर उशिरा आली म्हणून चिडणाऱ्या सहप्रवाशाला मी तेव्हाच सांगून टाकते.

आणखी एक गोष्ट बारवीकाठच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवी. 2019 मध्ये आपल्या धरणात 72.60 मीटरपर्यंत पाणी साठवलं गेलं, साठा 340 दशलक्ष घनमीटर झाला, आणि तोंडली, मोहघर, काचकोली अशी गावं पाण्याखाली गेली. ते पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून उल्हासनगर, डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. मेळघाटात कोहा, कुंड, बोरी ही गावं उठली ती वाघासाठी. आपल्याकडे नळासाठी घरं गेली, तिकडे जंगलासाठी, आणि दोन्हीकडे उठणारा माणूस बहुतेक आदिवासी किंवा लहान शेतकरी होता. सेमाडोहच्या पुढे एखादं मोकळं कुरण दिसलं आणि त्यावर हरणं चरताना दिसली, तर गाइडला विचारा इथे आधी काय होतं. मग पुढचा अर्धा तास तो बोलेल आणि तुम्ही ऐका. गाइड स्थानिकच घ्या, जेवण गावातल्या बचत गटाकडचं मिळत असेल तर तेच घ्या, आणि त्याचे पैसे जागच्या जागी द्या.

किमान तीन रात्री तरी ठेवा. पहिला दिवस थकव्यात जातो, दुसऱ्या दिवशी कान उघडतात. तेवढी सुट्टी यंदा नसेल तर मेळघाट पुढच्या वर्षावर टाका आणि कसाऱ्याच्या लोकलने आटगावला उतरून तानसा अभयारण्यात जा. शंभरहून अधिक वर्षं नामशेष मानलेला रानपिंगळा, म्हणजे एक लहानसं घुबड, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आज मेळघाट त्याचं मोठं घर आहे, पण 2014 मध्ये तो तानसाच्या सागवनातही दिसला. तिथे जाऊन यायला एक रविवार पुरतो, पहाटेची पहिली लोकल मात्र पकडावी लागते.