भोंगा वाजल्यानंतर

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. कोरोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. शिक्षक, आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार समजावत फिरले.

देशभर बातमी झाली ती भोंग्याची. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी पाहावे ते वेगळेच: ही बंदी मुलांपुरती नव्हती. आईची मालिका आणि वडिलांचा मोबाइलही त्याच वेळी बंद. एकट्या पोराच्या हातून मोबाइल काढून घेतला की त्याला ती शिक्षा वाटते. सगळी आळीच थांबली की रुसायला कारण उरत नाही.

वडगावात तो दीड तास मुख्यतः अभ्यास, वाचन आणि गप्पांना मिळाला. त्यात घाम गाळणारा खेळ आणणे हे क्रीडाशिक्षकाचे काम. चीनमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या अनेक प्रयोगांत नियमित व्यायामाने मोबाइलचे व्यसन कमी झाल्याचे आढळले आहे. त्यांतले बरेच प्रयोग छोटे आणि काही आठवड्यांचेच, तरी दिशा स्पष्ट आहे.

व्यायामासोबत सजगतेचा, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचा (माइंडफुलनेस) सरावही सुचवला जातो; त्याबाबत मात्र सावध राहावे. ब्रिटनमधील ‘मायरियड’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ८५ शाळा, ११ ते १४ वयाची आठ हजारांहून अधिक मुले. तरीही सजगतेच्या वर्गांमुळे त्यांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक सुधारणा झाली नाही. बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. चुळबुळणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला डोळे मिटून बसवले की तो सुटीची घंटा कधी होते याचीच वाट पाहतो. आधी अंग दमू द्यावे, मग श्वासाकडे वळवावे.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला हे नवे नाही. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. त्यांच्या पद्धतीवरचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. त्यांच्या नमस्कारात श्वास आणि बीजमंत्राचा उच्चार हालचालीशी बांधलेला होता. शरीर आणि लक्ष एकाच वेळी कामाला लागते, ते असे. मंत्र नको असेल तिथे आकडे मोजावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, मोबाइलचे व्यसन वेगळे नोंदलेले नाही. त्यामुळे तासन्‌तास मोबाइल पाहणाऱ्या प्रत्येक मुलावर व्यसनी असा शिक्का मारू नये. पण झोप उडाली, शाळा बुडू लागली, मूल माणसांत मिसळेनासे झाले, तर मैदानावर विसंबून न राहता समुपदेशक गाठावा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

आणि परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकला जाणारा पी.टी.चा तास यंदा तरी मुख्याध्यापकांकडून परत मागावा. जानेवारी-फेब्रुवारीत, मुलांना त्याची सर्वाधिक गरज असतानाच तो जातो.