पावतीवर अवलंबून असलेला न्याय

प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू अपुरा पडला, तर काही मिनिटांत झालेली हानी आयुष्यभर भरून येत नाही. अशा हानीतून जडणाऱ्या सेरेब्रल पाल्सीत स्नायूंवरचा ताबा कमीअधिक प्रमाणात नाहीसा होतो. हा विकार दर वेळी प्रसूतीतील हलगर्जीपणामुळेच होतो असे नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेतील जंतुसंसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ हीही त्याची कारणे आहेत. परंतु अडलेल्या बाळंतिणीकडे तासन्‌तास कोणी फिरकले नाही, बाळाच्या हृदयाचे ठोके तपासले गेले नाहीत, शस्त्रक्रियेचा निर्णय वेळेवर झाला नाही, असे जेथे घडते तेथे दैवाला बोल लावणे ही आत्मवंचना होय.

अशा कुटुंबाने दाद कोठे मागावी? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेथे खर्च कमी आणि कार्यपद्धती सोपी. मात्र ज्या रुग्णालयात सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तेथील रुग्णाला याच निकालाने ग्राहक मानलेले नाही. म्हणजे पैसे मोजणाऱ्या मातेला ग्राहक आयोगाचे दार उघडे आणि मोफत शासकीय दवाखान्यात बाळंत होणाऱ्या शेतमजूर स्त्रीला ते बंद! तिच्यासाठी उरतो तो दिवाणी दावा. त्याची गती किती, हे औरंगाबादच्या एका प्रकरणाने दाखविले आहे. १९६३ साली तेथील शासकीय रुग्णालयात बाळंतपणानंतर केलेल्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि तिचा अंत झाला. शासन त्याला जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अंतिमतः सांगितले ते १९९६ साली.

तरीही जे हक्क आहेत ते वापरलेच पाहिजेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण ती जपून ठेवण्याचे बंधन तीनच वर्षांचे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास ती माफ होऊ शकते. दिवाणी दाव्यात बालकाच्या अज्ञानपणाचा काळ मुदतीत धरला जात नाही. स्त्रिया, बालके व अपंग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. पण मूल बसत नाही, मान धरत नाही, हे घरच्यांच्या ध्यानात येऊन निदान होईपर्यंत कित्येकदा वर्ष सरते. तोवर कागद मागण्याचे कोणालाच सुचलेले नसते, आणि कागदावाचून खटला उभा राहत नाही.

परंतु मूळ प्रश्न याहून खोल आहे. चूक सिद्ध झालेल्या मुलाची आणि न झालेल्या मुलाची गरज वेगळी असते काय? दोघांनाही व्यायामोपचार हवेत, विशेष शाळा हवी. दोघांच्याही आईची मजुरी बुडते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आयुष्यभराच्या संगोपनापुढे तो तोकडाच. जपानने २००९ पासून वेगळा मार्ग धरला आहे. ठरावीक अटींत बसणाऱ्या, प्रसूतीशी निगडित तीव्र सेरेब्रल पाल्सीच्या मुलास तेथे कोणाचा दोष न शोधता एकूण तीन कोटी येन हप्त्याहप्त्याने दिले जातात. शिवाय प्रत्येक घटनेची तज्ज्ञांकडून छाननी होऊन अहवाल पालकांना आणि रुग्णालयाला मिळतो.

यामुळे दोषी मोकाट सुटतील, असा आक्षेप घेतला जाईल. पण आज तरी कोण सापडते? कोर्टाची पायरी चढणारी कुटुंबे मोजकी. आणि सापडलीच तर रात्रपाळीला एकटी असलेली परिचारिका सापडते. भूलतज्ज्ञाचे पद वर्षानुवर्षे रिक्त ठेवणारे शासन मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभे राहत नाही. चौकशीचा अहवाल खुला झाला, तर ही रिक्त पदेही त्यात नोंदली जातील.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी: दोष सिद्ध होण्याची वाट न पाहणारा संगोपन निधी, आणि प्रत्येक घटनेची खुली चौकशी. ती मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशी कुटुंबे शोधावीत, कागदपत्रांचा अर्ज त्यांच्यासोबत बसून लिहावा आणि विधी सेवा प्राधिकरणापर्यंत त्यांना सोबत करावी. मुदत संपल्यावर व्यक्त केलेली सहानुभूती त्यांच्या काही उपयोगाची नाही.