जुन्या शिलकीवरचा अग्रक्रम

टोकियोच्या पश्चिम भागातील मुसाशिनो फॉरेस्ट क्रीडागृहात २८ जुलै २०२१ रोजी बॅडमिंटनचा जागतिक क्रमवारीतील पहिला खेळाडू केंतो मोमोता ऑलिंपिकमधून बाहेर पडला. बाद फेऱ्या अद्याप सुरूही झाल्या नव्हत्या. गटातील दुसऱ्याच सामन्यात दक्षिण कोरियाच्या हेओ क्वांग-ही याने त्याला २१-१५, २१-१९ असे हरविले. हेओ क्रमवारीत अडतिसावा होता. महासाथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे यजमान जपानचे मोठे आशास्थान रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने ढासळले.

या ऑलिंपिकवर मोमोताचे जुने देणे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये, रिओ ऑलिंपिक चार महिन्यांवर असताना, तो टोकियोतील बेकायदा जुगारघरात जात असल्याचे उघड झाले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि पदकाचा दावेदार मानला जात होता. जपानच्या बॅडमिंटन संघटनेने त्याला बेमुदत निलंबित केले आणि रिओ हुकले. सप्तव्यसनांच्या यादीत द्यूत प्रथम का येते, हे ज्या घरांत मुलांना सांगितले जाते, तेथे या प्रकरणाची अधिक फोड करण्याचे कारण नाही.

मे २०१७ मध्ये बंदी उठली. क्रमवारीत फार खाली गेलेल्या मोमोताला लहान स्पर्धांपासून पुन्हा प्रारंभ करावा लागला. पुढच्याच वर्षी नानजिंग येथे तो जगज्जेता झाला; हा मान मिळविणारा तो पहिला जपानी पुरुष. २०१९ मध्ये त्याने एका वर्षात अकरा विजेतेपदे मिळविली. त्याच वर्षी बासेल येथील जागतिक स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत त्याच्यासमोर भारताचा साई प्रणीत होता. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या पदकानंतर छत्तीस वर्षांनी भारतीय पुरुषाला एकेरीत मिळालेले कांस्यपदक प्रणीतने तेथे जिंकले खरे, पण मोमोतापुढे त्याचा टिकाव लागला नाही. अंतिम सामन्यातील दुसऱ्या गेममध्ये तर डेन्मार्कच्या अँडर्स अँटनसनला अवघे तीन गुण मिळाले.

१३ जानेवारी २०२० च्या पहाटे हे सारे थांबले. मलेशियातील स्पर्धा आदल्या दिवशी जिंकून मोमोता क्वालालंपूरच्या विमानतळाकडे निघाला असता त्याची गाडी मालमोटारीवर आदळली. चालक जागीच मरण पावला. पदकांच्या कोणत्याही तक्त्यात त्या मृत्यूची नोंद नाही. पण मागे बसलेल्या तरुणाच्या मनातून तो कितपत पुसला गेला असेल, याचा हिशेब कोण मांडणार? मोमोताच्या नाकाचे हाड मोडले. पुढे त्याला वस्तू दुहेरी दिसू लागल्या, आणि डोळ्याच्या खोबणीचेही हाड मोडल्याचे फेब्रुवारीत कळले. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे शटल ज्याने टिपायचे, त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली.

मग महासाथ आली. ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. जानेवारी २०२१ मध्ये थायलंडला निघताना विमानतळावरच्या तपासणीत मोमोता बाधित निघाला आणि तोही दौरा बुडाला. मार्चमधील ऑल इंग्लंड स्पर्धेत मलेशियाच्या ली झी जिआने त्याला उपउपान्त्य फेरीत हरविले. अपघातापासून ऑलिंपिकपर्यंत त्याने खेळलेली ही एकमेव आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तरीही क्रमवारीत तो पहिलाच राहिला, कारण महासाथीच्या काळात क्रमवारी गोठविली गेली होती आणि जुने गुण त्याच्या खाती तसेच जमा होते. गतवर्षाची शिल्लक नव्या वहीत ओढली म्हणजे दुकानात गिऱ्हाईक आले असे होत नाही, हे पेढीवरचा कोणताही जुना माणूस सांगेल.

म्हणूनच या पराभवाचे नवल वाटते त्याहून थोडे कमी मानावे लागते. शिवाय हेओ अगदीच अनोळखी नव्हता. २०१२ चा कनिष्ठ गटातील जगज्जेता मोमोता, तर २०१३ चा हेओ. पहिल्या गेममध्ये आरंभी मोमोता पुढे होता. हेओने सलग गुण घेत ती आघाडी पुसली. शांतपणे शटल परतवीत राहून समोरच्याला चुकावयास लावणे हे मोमोताचे बळ. त्या दिवशी चुका त्याच्याकडूनच होऊ लागल्या. नियमही कठोर होता. गटात तिघे, आणि पुढे जाणार एकच. एका पराभवाची भरपाई करण्यास जागा नव्हती.

हेओची मजलही फार लांबली नाही. उपउपान्त्य फेरीत ग्वाटेमालाच्या चौतीस वर्षांच्या केव्हिन कॉर्डनने त्याला नमविले. सुवर्णपदक डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसनने नेले.

ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक स्पर्धा टोकियोतच भरली. दुसऱ्या फेरीत मोमोतासमोर भारताचा एच. एस. प्रणॉय आला. तोवर त्याला एकदाही न हरवू शकलेल्या प्रणॉयने तो सामना दोन गेममध्ये संपविला. २०२४ च्या एप्रिलमध्ये, थॉमस चषकानंतर राष्ट्रीय संघातून निवृत्त होत असल्याचे मोमोताने जाहीर केले. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. जपानमधील देशांतर्गत सामने खेळणे मात्र त्याने सोडले नाही.