दुधाचा खाडा मांडतो, रिचार्जचा का नाही?

भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या बाईवर विनोद करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. टीव्हीवरच्या स्किटपासून मोबाइलवर फिरणाऱ्या चुटक्यांपर्यंत ती सगळीकडे भेटते. कोथिंबिरीची जुडी फुकट मागणारी, साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावणारी... आता तुम्हीच सांगा मैत्रिणींनो, घरातले पैसे खरंच कोथिंबिरीत जातात का हो?

मला विचाराल तर भाजीच्या पिशवीला भोक नाहीच. पैसे गळतात ते खिशातल्या फोनमधून आणि भिंतीवरच्या टीव्हीतून, तेही अजिबात आवाज न करता. दूधवाला आला नाही की आपण कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारतो. महिनाअखेरीला खाडे वजा करून पैसे देतो. अर्ध्या लिटरचाही हिशोब चुकत नाही. पण त्याच घरातून चार फोनचे रिचार्ज, टीव्हीचं पॅकेज, दोन-तीन ओटीटी आणि एखाद्या मोबाइलचा हप्ता दर महिन्याला जातो. त्यातलं वापरलं किती आणि वाया गेलं किती, याची फुली कुठे असते? कुठेच नसते. आणि मग महिनाअखेरीला हात आखडला की कात्री कशाला लागते? घरातल्या बाईच्या रिचार्जला, तिच्या चपलांना, तिच्या फोनच्या फुटलेल्या काचेला. माझा राग आहे तो यावर. काटकसर करायला माझी ना नाही, ती कुणाच्या वाट्याला येते एवढाच प्रश्न आहे.

आधी रिचार्जचंच बघू, कारण तो घरोघरी आहे. आपल्या कॅलेंडरचा महिना तीस-एकतीस दिवसांचा, पण फोन कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा! तेरा वेळा अठ्ठावीस म्हणजे ३६४. म्हणजे वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा. समजा तुमचा रिचार्ज २०० रुपयांचा आहे, तर वर्षाला २४०० नव्हे, २६०० जातात. घरात असे चार फोन असतील तर हा तेरावा महिना ८०० रुपयांना पडतो. आपल्याकडे तेरावा महिना अधिकाचा, तोही तीन वर्षांनी एकदा येतो. यांचा दर वर्षाला!

लोकांच्या तक्रारी आल्यावर दूरसंचार नियामक मंडळाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की निदान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा की जो दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल. पण तुम्ही दुकानात जाऊन ‘महिन्याचा मारा’ म्हटलंत की दुकानदार २८ दिवसांचाच मारतो. तीस दिवसांचा मागायला लागतो. तोंडाने मागायला लागतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. घरातल्या सासूबाईंकडे किंवा आईकडे साधा बटणांचा फोन असतो. त्यांना नेट कशाला हवंय? लेकीचा फोन यावा, भावाला फोन करता यावा, एवढंच. पण वर्षानुवर्षं त्यांच्या रिचार्जमध्ये डेटाचे पैसेही जात राहिले, कारण नुसतं बोलायचा प्लॅन शोधूनही सापडत नव्हता. २०१८ च्या अखेरीपर्यंत एकदा कार्ड घेतलं की येणारे फोन वर्षानुवर्षं फुकट येत असत. मग कंपन्यांनी ‘ठराविक रिचार्ज मारा, नाहीतर येणारे फोनही बंद’ असं सुरू केलं. पुढे जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा घरोघरी म्हाताऱ्या माणसांचे फोन आधी बंद पडले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आदेश काढला, की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅन द्यायलाच हवेत. अशा खास रिचार्जची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तसे प्लॅन आणलेही. पण त्याची जाहिरात तुम्ही कधी पाहिलीत? क्रिकेटच्या मॅचमध्ये कोणी नट येऊन ‘आजीसाठी डेटा नको’ असं सांगताना दिसला? नाही ना! म्हणून म्हणते, विचारा. ‘नेट नको, नुसतं बोलायचं, मुदत जास्तीत जास्त, असं काय आहे?’ हे वाक्य पाठ करून दुकानात जा. दुकानदार आधी मान हलवेल. पुन्हा विचारा.

मात्र एक सांगते, रिचार्ज वाचवणं वेगळं आणि रिचार्ज संपू देणं वेगळं. ‘तुला कुठे जायचंय, तू तर घरीच असतेस, वायफाय आहे की’ असं म्हणून बायकोचा रिचार्ज पुढच्या आठवड्यावर ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. वरवर खरंही वाटतं. पण गॅसच्या डिलिव्हरीचा कोड कुणाच्या नंबरवर येतो? बँकेचा ओटीपी? मुलीच्या शाळेचा निरोप? बचत गटाच्या खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस? वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, बँकेचा एसएमएस साध्या नेटवर्कनेच येतो. फोन बंद म्हणजे आपल्याच खात्यातल्या पैशांपर्यंत आपला हात पोचायचा नाही. तेव्हा दोनशे रुपये वाचवायचे असतील तर खुशाल वाचवा, पण त्यासाठी घरातलं दुसरं काहीतरी बंद करा.

काय बंद करायचं? ओटीटी. दचकू नका, मालिका बघू नका असं मी म्हणत नाहीये! दिवसभर राबून रात्री अर्धा तास आपली मालिका बघणाऱ्या बाईला नाकं मुरडणारे मला मुळीच आवडत नाहीत. पण एकाच वेळी तीन-तीन ओटीटीचे पैसे भरणाऱ्या घरात तिन्ही कोण बघतं हो? एकावर आयपीएलपुरतं कुणी जातं, दुसऱ्यावर मुलाने एकच वेबसीरिज पाहिलेली असते, तिसरं कधी घेतलं ते कुणालाच आठवत नाही. ते आठवत नाही याचं कारण ‘ऑटोपे’. एकदा परवानगी दिली की दर महिन्याला किंवा दर वर्षाला पैसे आपोआप कापले जातात. १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपीही लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की पैसे कापायच्या निदान २४ तास आधी तुम्हाला कळवलं पाहिजे आणि हवं तेव्हा ते थांबवता आलं पाहिजे. तसा मेसेज येतोही, पण ‘तुम्हाला पाच लाखांचं कर्ज मंजूर’ छापाच्या पन्नास मेसेजमध्ये तो हरवतो.

तर आज एक काम करा. ज्या अ‍ॅपवरून तुम्ही किंवा घरातलं कोणी दुकानात पैसे देतं, ते उघडा आणि त्यात ‘ऑटोपे’ कुठे आहे ते शोधा. बहुधा प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवलं की मिळतं. तिथे यादी दिसेल. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला तिथे ज्योतिष सांगणारं एक अ‍ॅप सापडलं, जे मुलाने ‘एक रुपयात ट्रायल’ म्हणून घेतलं होतं. एक रुपया कापला गेला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, पुढे दर महिन्याला काही शे रुपये जात होते! आणि लक्षात ठेवा, फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे ऑटोपे थांबत नाही. तो वेगळा रद्द करावा लागतो.

ओटीटीच्या बाबतीत आमच्या शेजारच्या वहिनींची युक्ती मला फार पटली. त्या एका वेळी एकच घेतात. जे बघायचं असेल ते महिन्या-दोन महिन्यांत बघून संपवतात, मग ते बंद आणि दुसरं सुरू. मुलं कुरकुरतात, पण ओटीटीवरचा सिनेमा एका महिन्यात काही पळून जात नाही. आणि वर्षाचे पैसे एकदम भरले की स्वस्त पडतं म्हणतात ना, त्याचाही जरा विचार करा. जून २०२५ पासून एका मोठ्या ओटीटीने पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. जाहिराती नको असतील तर वेगळे पैसे भरा म्हणे! वर्षाचे आगाऊ भरून बसलेल्यांनी काय करायचं? चडफडायचं.

टीव्हीच्या बाबतीत तर एक उत्तम सोय आपल्याच सरकारची आहे. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ २००४ पासून सुरू आहे. डिश आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री वाहिनी दिसते, बातम्या दिसतात, सिनेमेही दिसतात. तुमची आवडती मालिका पैसे मोजायच्या वाहिनीवर असेल तर ती मात्र यावर मिळणार नाही. केबल ठेवायचीच असेल तर कोणत्या वाहिन्या हव्यात ते निवडायचा हक्क २०१९ पासून आपल्याला आहे. केबलवाला देईल तोच गठ्ठा घ्यायचं बंधन नाही.

आता हप्त्यांविषयी थोडंसं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि रिझर्व्ह बँकेचाही नाही. २०१३ मध्येच बँकांना बजावताना तिने म्हटलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. व्याज असतंच, ते कुठेतरी लपवलेलं असतं. कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला न देण्यात. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत तर त्या लपलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. म्हणून दुकानात गेल्यावर एकच विचारायचं, ‘आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला देणार?’ जो फरक येईल तीच ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट. भिशी लागल्यावर फोन घेणारी आपली आजी-मावशी काही अडाणी नव्हती बरं!

राहता राहिली आपली स्वतःची खरेदी. त्यात एक गंमत सांगते. मोठी बाटली स्वस्त पडते असं आपण धरून चालतो, पण शाम्पूच्या बाबतीत कित्येकदा रुपया-दोन रुपयांची पुडीच स्वस्त पडते. हे कसं कळणार? पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापायचा नियम आहे. अक्षरं बारीक असतात, चष्मा लावावा लागतो, पण दोन पाकिटं शेजारी धरून तो आकडा बघितला की ‘२० टक्के एक्स्ट्रा’ची जादू तिथेच उतरते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवरही पाचच टक्के आहे. पार्लरच्या बिलावर अजून १८ टक्के लावत असतील तर हसत हसत विचारा, तिथेही तो पाचच झालाय.

मोबाइलवरून कपडे मागवताना पैसे भरायच्या आधी शेवटचं बिल ओळ न ओळ वाचा. न मागितलेला विमा, देणगी, ‘मेंबरशिप’ त्यात घुसलेली असते. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी घाई लावतात. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली आहे. तक्रारीचा नंबर १९१५, मराठीतून बोललं तरी चालतं. कुणी ‘एवढ्याशा पैशांसाठी कशाला’ म्हणालं तर म्हणू दे. कोथिंबिरीला तरी आपण कुठे सोडतो?

पण ज्या गोष्टींवर कात्री चालवू नये असं मला वाटतं, त्याही सांगते. सॅनिटरी पॅड, त्यावरचा जीएसटी तर २०१८ लाच गेला. पायात बसणाऱ्या चपला. चष्मा. आणि फोन. हो, फोन! बहुतेक घरांत नवा फोन मुलाला येतो, मुलाचा नवऱ्याला जातो आणि नवऱ्याचा, बॅटरी दोन तासांत संपणारा, बाईच्या हातात पडतो. ‘मला कशाला भारीतला?’ हे आपणच म्हणतो. भारीतला नकोच. आधी आहे त्याची बॅटरी बदलून घ्या, ‘शुभ सकाळ’चे दोन हजार फोटो पुसा, निम्मे फोन तेवढ्यानेच सुधारतात. नाहीच सुधारला तर गावातल्या ओळखीच्या दुकानातून वापरलेला घ्या, पण बिल घेऊनच. चोरीचा आहे का तेही आधी तपासा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ अंकी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग मोकळी जागा, मग तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळेल. ओटीटी आणि तेराव्या रिचार्जमधून वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकत गेलात, तर वर्षभरात अशा फोनची सोय होते. आणि तो फोन घरात आला की मुलाच्या हातात जायच्या आधी आपलं सिम त्यात घालून टाका.